सासरे, टर्की आणि ड्यूकचा वडा

माझ्या सासऱ्यांमुळे आमच्या शेजाऱ्याची टर्कीची शिकार हुकली. सासरे तेव्हा हयात नव्हते, एवढीच काय ती अडचण!

साल दोन हजार चार. अमेरिकेतल्या श्रूजबरीत घर घेऊन आम्हाला बरीच वर्षं झाली होती, पण शेजारचा फ्रँक माझ्याशी "हाय" आणि "कोल्ड, हं?" यापलीकडे कधी बोलला नव्हता. मला कुंपणावर हात टेकून गप्पा मारणारा शेजारी हवा होता. (पुण्यात मी शेजारी दिसले की जिना बदलायचो, ते सोडा!) त्यामुळे फ्रँकने एकदा विचारलं, "मी मुलीकडे जातोय, ड्यूकला ठेवून घेशील? आल्यावर त्याला टर्कीच्या शिकारीला न्यायचंय, तूही चल," तेव्हा मी बायकोलाही न विचारता हो म्हणालो.

ड्यूक हा शिकारी कुत्रा. त्याचं काम एकच. टर्कींचा थवा दिसला की भुंकत आत घुसायचं आणि पक्षी चौफेर उधळायचे. मग शिकाऱ्याने लपून टर्कीसारखा आवाज काढायचा आणि पांगलेले पक्षी एकमेकांना शोधत आले की नेम धरायचा.

नेमका तेव्हा पितृपंधरवडा चालू होता आणि सासूबाई पुण्याहून आल्या होत्या. त्या रोज घरामागच्या लाकडी डेकवर सासऱ्यांच्या नावाने वरणभात आणि वड्याचा घास ठेवायच्या. "काव काव" करून आमचे घसे बसले, पण कावळा फिरकेल तर शपथ! आल्या त्या झाडीतल्या रानटर्की. ड्यूक उसळला.

"ए, बस खाली!" सासूबाई कडाडल्या. "आधी त्यांचं होऊ दे, मग तुला."

एका ढेरपोट्या नराने पुढे होऊन वडा उचलला.

"हेच ते," सासूबाई पदराने डोळे पुसत म्हणाल्या. "भाताआधी वडा. जन्मभर हेच केलं."

मग ड्यूकलाही वडा मिळाला. पुढे रोज हाच कार्यक्रम. फ्रँक परत येईपर्यंत ड्यूक टर्की दिसताच पुढचे पाय जुळवून अदबीने बसू लागला. मी कौतुकाने फोटोसुद्धा काढले!

आमच्या राज्यात टर्कीच्या शिकारीला कुत्रा चालत नाही, म्हणून शनिवारी पहाटे आम्ही न्यूयॉर्क राज्यातल्या जंगलाकडे निघालो. फ्रँकने मला त्याचा ठिपक्याठिपक्यांचा कोट दिला होता. त्यात मी झुडपासारखा दिसणं अपेक्षित होतं, पण उन्हात टाकलेल्या गादीसारखा दिसत होतो. वाटेत फ्रँक चक्क बोलत होता! याच जंगलात त्याला वडिलांनी शिकार शिकवली होती. मी मनातून हरखून गेलो.

थवा दिसला. फ्रँकने ड्यूकला सोडलं. ड्यूक बाणासारखा धावला, थव्यापाशी थांबला आणि पाय जुळवून खाली बसला. टर्कींनी निवांत दाणे टिपले आणि रांगेत निघून गेल्या. मग ड्यूक माझ्याकडे आला आणि माझ्या पिशवीवर पंजा ठेवून उभा राहिला. (पिशवीत सासूबाईंनी बांधून दिलेले वडे होते!)

"व्हॉट डिड यू डू टु माय डॉग?"

मी पितर, कावळे, वडा, सगळं सांगितलं. फ्रँकने बंदूक आवरली आणि घरापर्यंत गाडीतला रेडिओ मोठ्याने लावून ठेवला. इतक्या वर्षांनी मिळालेला शेजारी एका वड्यापायी गेला, याचं मला फार वाईट वाटलं.

सर्वपित्री अमावास्येला दुपारी बेल वाजली. दारात फ्रँक आणि ड्यूक. फ्रँकच्या हातात ॲपल पायचा तुकडा.

"माय डॅड लव्ड धिस," तो खाली बघत म्हणाला. "मीही ठेवू?"

सासूबाईंनी पानाशेजारी जागा करून दिली. टर्की आल्या, पण मला बघून गवतातच थबकल्या.

"त्यांच्या मनात काहीतरी राहिलंय," सासूबाई म्हणाल्या. "सुहासराव, शिकारीला गेला होतात ना? पुन्हा जाणार नाही म्हणा."

"अहो आई, त्या टर्की दुसऱ्या राज्यातल्या..."

"म्हणा!"

मी हात जोडून म्हणालो. एक पीस हललं नाही.

"मेबी इन इंग्लिश?" फ्रँक कुजबुजला.

"आय विल नेव्हर हंट अगेन, सर!" मी ओरडलो.

ढेरपोट्या डेकवर चढला, वडा मटकावला आणि मग ॲपल पायवर चोच मारली. फ्रँक डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला. तेव्हापासून तो रोज संध्याकाळी कुंपणावर हात टेकून उभा असतो.

सासऱ्यांनी मात्र हयातीत माझं एक वाक्यही कधी पुरतं ऐकून घेतलं नव्हतं. आमचा पहिला संवाद झाला तो इंग्रजीत, आणि तेव्हाही त्यांचं सगळं लक्ष वड्याकडेच होतं!