वसंतरावांच्या लॅपटॉपचा आवाज

हे मी कुणाजवळ बोललेलं नाही. नवऱ्याजवळ नाही, बहिणीजवळ नाही, आणि जिच्याजवळ मी सगळं ओकून मोकळी होते त्या मैत्रिणीजवळही नाही. का? लाज वाटते म्हणून — तेही असेल. पण सांगायची वेळ कधी आलीच नाही, असं मी स्वतःला इतकी वर्षं समजावत आले. ते खोटं आहे. वेळ आली होती. मी समोरच बसले होते आणि तोंड मिटून घेतलं होतं.

तशी गोष्ट लहानच. कुणाचा जीव गेला नाही, कुणाचं घर मोडलं नाही. एका लॅपटॉपचा आवाज गेला आणि काही आठवड्यांनी परत आला. एवढंच — एवढंच का?

नव्वदचं दशक संपत आलं होतं. सांगलीत स्टँडजवळ, एका मिठाईच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर माझा कॉम्प्युटर क्लास होता. सकाळ-संध्याकाळ शिकवायचं, दुपारी दुरुस्ती. दुरुस्तीला लोक यायचे ते आधी माझ्या मागे बघायचे आणि विचारायचे, "साहेब कुठायत?" साहेब म्हणजे मीच, हे पटायला त्यांना वेळ लागायचा. काही चुकलं तर 'बाईच ती' म्हणतील, ही धास्ती माझ्या मनात कायम. सबब म्हणून सांगत नाही. माझ्यासारख्या धास्तीत काम करणाऱ्या बायका तेव्हा पुष्कळ होत्या. त्यांनी काही मी केलं ते केलं नाही.

एका दुपारी वसंतराव आणि त्यांच्या पत्नी शालनताई जिना चढून आले. वसंतराव सैन्यात होते. सीमेवर सुरुंग फुटला, त्यात दोन्ही डोळे गेले. काळा चष्मा, ताठ मान, एक हात बायकोच्या खांद्यावर. कडेगावजवळच्या त्यांच्या गावाहून, विट्याला गाडी बदलून, एसटीने आले होते. शालनताईंनी काखेतली गोधडीची घडी टेबलावर ठेवली आणि उलगडली. आत लॅपटॉप. त्या काळी सांगलीत लॅपटॉप होते किती? माझ्याकडेही नव्हता.

वसंतरावांच्या जुन्या अधिकाऱ्यांनी तो परदेशातून आणून त्यांना दिला होता. आणि तो बोलायचा. कळ दाबली की अक्षराचं नाव घ्यायचा, ओळ संपली की ती वाचून दाखवायचा — इंग्रजीत, सर्दी झालेल्या माणसासारखा. वसंतराव मान तिरकी करून ऐकत आणि त्यांची बोटं झरझर चालत. मी बघतच राहिले.

"मॅडम, ह्यो हल्ली लय अडकतोय," ते म्हणाले. "मधीच गप बसतोय. आन् पुढल्या आठवड्यात मला साताऱ्याला मुलाखतीला जायचं हाय."

साताऱ्यात अंध मुलांची एक शाळा होती. तिथे इंग्रजी आणि टायपिंग शिकवायला मास्तर हवा होता, आणि मुलाखतीत मशीन चालवून दाखवायचं होतं. पेन्शन होती, पोटाची चिंता नव्हती. "पर घरात बसून बसून आता भिंती बी मला इटल्या," ते म्हणाले. "हाताला काम पायजे."

मशीनमध्ये जुनी विंडोज होती. माझ्याकडे नवी नुकतीच आली होती. क्लासच्या मशिनांवर मी ती स्वतः चढवली होती आणि स्वतःवर भलतीच खूश होते. म्हटलं, नवी टाकून देते, पळायला लागेल.

"टाका की. फकस्त आवाज तेवढा शाबूत ऱ्हाऊ द्या. आवाज गेला तर मला ह्यो निस्ता डबा."

"आवाजाला काय होतंय?" मी म्हणाले.

तेव्हा शालनताई पहिल्यांदा बोलल्या. "ह्येच्यासंगं एक चकती आलीया. घरी ट्रंकेत हाय. ती लागंल का? आणून देऊ?"

"नको," मी म्हणाले. "नव्यात सगळं असतं."

किती सहज गेलं ते वाक्य तोंडातून. जुन्या विंडोजची नक्कलसुद्धा ठेवली नाही मी — डिस्कवरची जागा वाचावी म्हणून.

दुसऱ्या दिवशी काम केलं. मशीन पळायला लागलं, अगदी म्हटलं होतं तसं. फक्त बोलेना. लॅपटॉपच्या आत आवाजाचं कार्ड असतं, आणि त्या कार्डाकडून काम कसं करून घ्यायचं हे विंडोजला सांगणारा एक छोटा प्रोग्रॅम असतो. त्याला ड्रायव्हर म्हणतात. नव्या विंडोजने जुना ड्रायव्हर बाजूला सारला होता आणि तिच्या स्वतःच्या पोतडीत त्या कार्डाचा ड्रायव्हर नव्हता. मशीनच्या भागांच्या यादीत आवाजाच्या नावापुढे एक पिवळं प्रश्नचिन्ह येऊन बसलं. माझ्याकडे होते नव्हते ते सगळे ड्रायव्हर लावून पाहिले. इंटरनेटवरून उतरवायला गेले तर फोनची लाइन मध्येच तुटायची. पिवळं चिन्ह हललं नाही.

ड्रायव्हर कुठे आहे हे मला ठाऊक होतं. त्या चकतीवर, शालनताईंच्या ट्रंकेत. वसंतरावांनी गावातल्या एसटीडी बूथचा नंबर देऊन ठेवला होता. एक निरोप — येताना ती चकती घेऊन या — इतकंच करायचं होतं. मी रिसिव्हर उचलला. मग ठेवून दिला. काय सांगणार होते? की शालनताईंनी विचारलं तेच बरोबर होतं आणि मी न बघताच नको म्हणाले? एवढं म्हणायला काय लागलं असतं? आज वाटतं, काहीच नाही. तेव्हा ते मला जमलं नाही.

ठरल्या दिवशी दोघं आली. वसंतरावांनी कळ दाबली, मान तिरकी केली आणि थांबले. पुन्हा दाबली. पुन्हा थांबले.

मी म्हणाले, "आतलं आवाजाचं कार्ड गेलंय. हिसका बसलाय कुठेतरी, त्या दिवशी इथे कसाबसा बोलला तेवढाच. एसटीतून येताना खाली ठेवला होता का कुणी?"

हे मी आधी ठरवून ठेवलं होतं. हिसका, एसटी, कुणीतरी — वाक्याची जुळणी करूनच बसले होते. ओघात निसटलं असं म्हणायची सोय मला नाही.

वसंतराव बायकोच्या दिशेने वळले. "विट्याला गाडी बदलताना तू पाणी प्यायला गेलतीस. तवा कुठं ठिवला हुतास?"

"कुटं न्हाई. काखंतच हुता, आवं. मांडीवरनं बी हलिवला न्हाई मी."

"मग मॅडम काय खोटं बोलत्यात व्हय?"

शालनताईंनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही, वकिलाकडे बघावं तसं. "मॅडम, काखंत धरून बी असं हुतं व्हय?"

"होतं," मी म्हणाले.

वसंतरावांनी मशीन स्वतःच गोधडीत गुंडाळलं, चाचपत, वेळ लावत, आणि स्वतःच्या काखेत घेतलं. शालनताईंनी हात पुढे केला होता, तो त्यांना दिसणार नव्हताच. जिना उतरताना मात्र त्यांचा हात बायकोच्या खांद्यावर होता. त्याला इलाज नव्हता.

साताऱ्याचं काय झालं ते त्यांनीच बूथवरून फोन करून सांगितलं. मशीन मुकं आहे म्हटल्यावर तिथली माणसं म्हणाली, तसंच टाइप करून दाखवा. "अंदाजानं केलं," ते म्हणाले. "कुटं चुकलं ते मला कोण वाचून सांगणार? दुसऱ्याला घेतलं त्यांनी." आवाजात कुरकुर नव्हती. मग म्हणाले, "ते कार्ड पुण्यात मिळंल का, बघा की जरा." मी म्हणाले, मीच येते घरी. आणि फोन ठेवता ठेवता, अगदी आत्ताच आठवल्यासारखं — ती चकतीही काढून ठेवा, लागली तर लागली.

रविवारी गेले. उसाची तोड चालू होती, रस्त्यावर ट्रॅक्टर पुढे सरकू देत नव्हते. घर नीटनेटकं होतं. वसंतराव खाटेवर वाट बघत बसले होते, लॅपटॉप उशाशी. मधल्या काळात शालनताईंना त्याला हात लावायची बंदी होती, हे मला तिथे कळलं. आधी संध्याकाळी त्या वसंतरावांशेजारी बसायच्या, इंग्रजी पुस्तकातलं एकेक अक्षर वाचून सांगायच्या, ते टाइप करायचे. सातवीपर्यंत शिकलेल्या होत्या त्या. आता वाचून सांगायला चुलत दीर येत होता.

आता जे सांगणार आहे ते सांगायला खोटं बोलण्यापेक्षा जड जातंय. मी पिशवीतून स्क्रू-ड्रायव्हर काढला. लॅपटॉप उलटा केला आणि खालचे स्क्रू सोडवले. झाकण उचललं. आत काही केलं नाही. काही करायचं नव्हतंच. झाकण बसवलं, स्क्रू पुन्हा आवळले, जरा जोर लावून, टेबलावर खटखट ऐकू येईल असे. ऐकणारा माणूस आंधळा होता. बघणारं माणूस दारात उभं होतं. शालनताई सगळं बघत होत्या.

मग चकती घातली, ड्रायव्हर चढवला, मशीन बंद करून चालू केलं. पिवळं चिन्ह गेलं. चहा गार व्हायच्या आत काम झालं. वसंतरावांनी कळ दाबली आणि तो सर्दी झालेला इंग्रज बोलायला लागला. वसंतराव हसत सुटले. "जित्ता केला की मॅडम तुमी!" त्यांनी माझे हात धरले. मग तोंड दाराकडे वळवून म्हणाले, "आता तरी संभाळ ग बाई."

"व्हय," शालनताई म्हणाल्या.

त्या मला एसटीच्या फाट्यापर्यंत सोडायला आल्या. गाडी यायची होती. मग म्हणाल्या, "मॅडम, तुमी आत काय घातलं न्हाई. निस्तं उघडलं आन् झाकलं. आवाज चकतीनं आला."

मी म्हणाले, "तुम्हाला नाही कळायचं ते."

त्यांनी मान हलवली. "बरं. न्हाई कळत मला. पर त्यांना तेवढं सांगा — हिच्या हातनं पडलं न्हवतं म्हून. माझं ऐकत न्हाईत ते. तुमचं ऐकतील."

रस्त्याच्या वळणावर गाडी दिसली. "पुढच्या वेळी आले की सांगते," मी म्हणाले आणि हात केला.

पुढची वेळ आली का? कितीदा तरी. वसंतरावांना पुढे कोल्हापूरकडे एका संस्थेत शिकवायचं काम लागलं — साताऱ्यानंतर बऱ्याच वर्षांनी, आणि कमी दर्जाचं. ते माझ्याकडे गिऱ्हाइकं पाठवत. सांगलीला आले की पेढे घेऊन वर येत, आणि कुणी नवं माणूस बसलेलं असलं की ती गोष्ट सांगत. "आमच्या हिनं आपटला, मॅडमनी जित्ता केला!" लोक हसायचे. हळूहळू त्यांच्या घरातली ती ठेवणीतली गंमतच झाली. काही फुटलं, सांडलं, हरवलं की लॅपटॉपचा विषय निघायचाच. त्यांच्या मुलीच्या लग्नात त्यांनी व्याह्यांना माझी ओळख करून दिली ती हीच गोष्ट सांगून. शालनताई शेजारी उभ्या होत्या, हातात कुंकवाचा करंडा. सगळे हसले. त्याही हसल्या. आणि मी — मीही हसले.

रागीट नव्हते हो ते. बायकोवर त्यांचा जीव होता. पण डोळे नसलेल्या माणसाला कुणाच्या तरी हातावर भरवसा ठेवावा लागतो, आणि त्या हातावर मी डाग पाडला होता. नंतर ते नाजूक काही असलं की दुसऱ्याकडे द्यायचे. थट्टेतच द्यायचे. शालनताईंनी त्यावर कधी वाद घातलेला मी ऐकला नाही.

वसंतराव दोन वर्षांपूर्वी वारले. मी भेटायला गेले. शालनताईंचे केस पांढरे झालेत. त्यांनी मला आत बोलावलं, सतरंजी टाकली, नातीला म्हणाल्या, "ह्या सांगलीच्या मॅडम. आजोबा लय नाव घ्यायचे." नातीने विचारलं, "लॅपटॉपवाल्या?" शालनताई म्हणाल्या, "व्हय, त्याच."

मग चहा आला. मी तो प्याले. त्यांनी मला काही विचारलं नाही. ज्यांना सांगायचं होतं ते राहिले नव्हते, आणि हे शालनताईंना माझ्याइतकंच ठाऊक होतं.