सहा दिवसांची कवळी

माझी मावशी कवळ्या बनवते. तिच्या कामाच्या खोलीत खिडकीखाली लांब टेबल आहे. त्यावर प्लास्टरचे पांढरे जबडे, मेणाच्या पट्ट्या, स्पिरिटचा दिवा आणि गुलाबी पावडरचा डबा. वर भिंतीवर एक कॅलेंडर आहे, एकोणीस वर्षांपूर्वीचं. त्याचं पान कधी उलटलेलं नाही. त्या पानावर माझी आजी हसते आहे. तिच्या वरच्या हिरडीत एकही दात नाही, आणि तिच्या खांद्यावर शेजारी उभ्या एका परदेशी डॉक्टरांचा हात आहे. खाली त्यांच्या भाषेत छापलंय, ‘तिने आमचे आभार मानले.’

आजी तेव्हा बस स्टँडवर माईकवरून गाड्या पुकारायची. एक दाढ ठणकत होती म्हणून ती शाळेच्या सभागृहातल्या शिबिरात गेली. समुद्रापलीकडून आलेली मिशनची मंडळी होती ती, येशूची शिकवण सांगायची आणि दातही बघायची. मुक्काम दोनच दिवसांचा, आणि दाराबाहेर चारशे माणसं. दात भरत बसायला वेळ नव्हता, म्हणून जो जरासा किडका दिसेल तो उपटायचा, असा त्यांचा नियम. पुन्हा येणं होईल न होईल, त्रास आताच संपवलेला बरा. आजीचे वर अकरा दात होते, अकराही गेले. मग फोटोसाठी कुणी तरी ‘हसा’ म्हणालं, आणि सांगितलेलं ऐकायची सवय असलेली आजी हसली.

दातांवाचून गावांची नावं माईकवर नीट उमटेनात. महिन्याभरात तिच्या हातात माईकऐवजी झाडू आला. पुढची तीन वर्षं ती तोंडावर हात ठेवून बोलली. मावशी सोळा वर्षांची होती. शाळा सोडून ती गावातल्या कवळीवाल्याकडे सांडलेलं प्लास्टर झाडायला राहिली, ती एवढ्यासाठीच. तिनं केलेली पहिली कवळी आजी बोलायला लागली की टापांसारखी वाजायची. दुसरी टोचायची. तिसरी बसली.

“आई माफ करते,” मावशी म्हणायची. “तिला जमतं. मला डूख धरायला जमतं.”

यंदा मंडळी पुन्हा आली. सोमवारी दुपारी त्यांच्यातले एक वयस्क गृहस्थ रुमालात कवळीचे दोन तुकडे घेऊन दारात उभे राहिले. कडक टोस्टनं घात केला होता. मला त्यांची भाषा येते म्हणून मावशीनं हाक मारली. मी त्यांच्याकडे पाहिलं, मग कॅलेंडरकडे. केस गेले होते, पण कान तेच होते.

“रविवारी प्रार्थनेनंतर त्यांना सगळ्यांसमोर बोलायचं आहे,” मी मावशीला सांगितलं. “दुसरा कवळीवाला सहा तासांवर आहे म्हणे.”

मावशीनं तुकडे जुळवून उजेडात धरले. “सांग, रविवारी दुपारी मिळेल. सहा दिवस लागतील.”

“मावशी, हे तर...”

“तुला बोलणं सांगायला बोलावलंय, वकिली करायला नाही.”

मी सांगितलं. डॉक्टर थबकले. तेही दातांचेच डॉक्टर. तुटकी कवळी जोडायला किती वेळ लागतो, हे त्यांना मावशीइतकंच ठाऊक होतं.

“अर्धा तास पुरेल,” ते बोळक्या तोंडानं म्हणाले.

“त्यांना म्हणावं, तेव्हा तुम्हाला वेळ नव्हता. आता मला नाही.”

त्यांना यातलं काही उमगलं नाही. पण ते रोज सकाळी यायला लागले. बाकीची मंडळी घरोघर भेटी देत फिरायची, हे आमच्या बाकावर बसून राहायचे. मावशी त्यांच्यासमोर दुसऱ्यांच्या कवळ्या घासायची. आजी पाहुणचार करायची. त्यांना वाटीभर गुरगुट्या भात, आणि स्वतःला मूठभर भाजलेले शेंगदाणे. समोर बसून ती एकेक दाणा मन लावून चावायची.

“दात उपटणाऱ्याचे दात कुणी उपटले गं?” तिनं मला विचारलं.

“सांगू त्यांना?”

“नको, पाहुणे आहेत. भात वाढ अजून.”

मावशीचा घासणारा हात थांबला. आपल्या आईची माफी तिनं इतक्या जवळून पहिल्यांदाच पाहिली असावी.

चौथ्या दिवशी डॉक्टरांनी चष्मा चढवून कॅलेंडर वाचलं. मग आजीकडे बराच वेळ पाहिलं, आणि त्यांचा हात तोंडावर गेला. बोटं मिटलेली, अंगठा गालाला टेकलेला. आजी तीन वर्षं ठेवायची, अगदी तसाच.

“दुखत किती दात होते?” त्यांनी माझ्यामार्फत विचारलं.

“एक,” आजी म्हणाली.

पाचव्या दिवशी त्यांनी कवळीची चौकशी केली नाही. नुसते येऊन बसले. ते गेल्यावर मी मावशीला म्हटलं, “देऊन टाक ना आता. कळलंय त्यांना.”

“कळायला चार दिवस लागले. आईनं तीन वर्षं काढली. स्वस्तात सुटतायत.”

रविवारी प्रार्थनेनंतर ते बोलायला उभे राहिले. पहिल्याच वाक्याला शब्दांची हवा झाली, मागच्या बाकांवर कुणी तरी फिसकन हसलं, आणि ते खाली बसले. उरलेलं भाषण त्यांच्या एका सहकाऱ्यानं कागदावरून वाचलं. मावशी कधी प्रार्थनेला जात नाही. त्या दिवशी ती पुढच्या बाकावर होती.

दुपारी ते आले तेव्हा कवळी पाण्याच्या पेल्यात तयार होती. सांधा शोधूनही सापडला नसता. कामावर राग काढायचा नसतो, असं मावशी मानते. पण पेला पुढे करण्याआधी तिनं फोन हातात घेतला.

“आई, त्यांच्या शेजारी उभी राहा. खांद्यावर हात ठेव. आणि तू सांग त्यांना, हसा.”

मी सांगितलं. ते हसले. मावशीनं दोन फोटो काढले, एक नीट आला नाही तर असावा म्हणून. मग त्यांनी कवळी बसवली, दात दोनदा मिटून पाहिले, आणि मान खाली घालून काही तरी म्हणाले.

“काय म्हणतात?”

“आभार मानतायत.”

“अस्सं. मग ते लिहून ठेव.”

कॅलेंडरशेजारी आता तो फोटो आहे. खाली माझ्या अक्षरात, त्यांच्या भाषेत लिहिलंय, ‘त्यांनी आमचे आभार मानले.’ आजी जाता-येता तिथे थांबते, दोन्हींकडे आळीपाळीनं बघते.

“माझा जास्त चांगला आलाय,” म्हणते, आणि एक शेंगदाणा तोंडात टाकते.