रांगोळीतली गिरणी

सुतळीअण्णांच्या सदऱ्याच्या खिशात पेन नसायचं, सुतळीचा गुंडा असायचा. खिसा कायम फुगलेला. महाडच्या बाजारपेठेत नवीन आलेल्या माणसाला वाटायचं, या गृहस्थांनी घरून लाडू बांधून आणलाय. अण्णा आमच्या पोहे गिरणीचे मॅनेजर. मी त्याच गिरणीत फोन घ्यायला, पावत्या फाडायला आणि शेठचं डोकं ठिकाणावर ठेवायला होते. पहिली दोन कामं पगारी होती.

अण्णा मूळचे महाडचेच, पण सगळी नोकरी भांडुपच्या एका मोठ्या कारखान्यात झालेली. तिथे त्यांचं काम काय, तर कुठलं यंत्र कुठे ठेवायचं, माल कुठून आत घ्यायचा, कुठून बाहेर काढायचा, माणसाने कमीत कमी कसं चालायचं, हे ठरवायचं. असलं काही काम असतं आणि त्याचा पगार मिळतो, यावर आमच्या शेठचा शेवटपर्यंत विश्वास बसला नाही. नव्वदीच्या सुरुवातीला तो कारखाना बंद पडला, अण्णा बिऱ्हाड घेऊन गावी आले आणि शेठने त्यांना ठेवून घेतलं. का, तर त्यांना इंग्रजी पत्रं लिहिता येतात म्हणून.

सुतळीचा उपयोग असा. फळीवर गिरणीचा नकाशा चिकटवायचा आणि भट्टी, पोहे चेपायचं यंत्र, चाळण, वजनकाटा अशा प्रत्येक जागेवर एक खिळा ठोकायचा. मग एखादी बाई दिवसभर जशी फिरेल तशी सुतळी या खिळ्यावरून त्या खिळ्यावर न्यायची. संध्याकाळी सोडवून मोजायची. सुतळी जितकी लांब, तितकी मांडणी गचाळ. “चाललेलं पाऊल विकता येत नाही,” असं ते म्हणायचे. आमच्या जुन्या गिरणीत भाताच्या गोण्या पुढच्या दारात, भट्टी मागच्या दारात आणि मधे जागा मिळेल तिथे पोह्यांचे ढीग. पहिल्याच दिवशी अण्णांचा गुंडा संपला आणि वाण्याकडून दुसरा आणावा लागला.

हे खूळ गिरणीपुरतं राहिलं असतं तर कुणाची काही हरकत नव्हती. पण त्यांनी घरी वहिनींच्या चहाची सुतळी काढली. साखर फडताळात, चहापूड खिडकीत, दूध जाळीच्या कपाटात. एका कपासाठी बाई गावभर फिरते, असा निष्कर्ष निघाला. वहिनींनी ती सुतळी उचलून परसातली पडवळं सरळ वाढावीत म्हणून त्यांना दगड बांधायला वापरली आणि पुढचे काही दिवस चहा अण्णांनाच करायला लावला. त्यानंतर त्या घरात पुन्हा मोजमाप झालं नाही.

पोलादपूरला शेठच्या भाचीचं लग्न होतं, तिथे तर कहर झाला. अण्णांनी पंगतीची मांडणी हातात घेतली. वाढप्यांनी एकाच दिशेने जायचं, मागे वळायचं नाही, म्हणजे धक्काबुक्की नाही. ऐकायला छान. झालं काय, ज्याच्या पानात मीठ पडायचं राहिलं, त्याला मीठवाला सगळ्या मांडवाला वळसा घालून येईपर्यंत हात आवरून बसावं लागलं. नवऱ्या मुलाचे मामा आमटी मागत होते. आमटीवाला हाकेच्या अंतरावर उभा होता, पण पुढे गेलेला. तो बिचारा अण्णांकडे बघायचा आणि अण्णा मान हलवून नाही म्हणायचे. शेवटी मामा पानावरून उठायला लागले तेव्हा शेठ स्वतः आमटीची बादली घेऊन धावले, तेही उलट्या दिशेने. अण्णांना त्या पळापळीचं वाईट वाटलं नाही, उलट्या दिशेचं वाटलं.

बाजारपेठेतल्या जुन्या गिरणीत दर पावसाळ्यात सावित्रीचं पाणी यायचं. माल माळ्यावर चढवून चढवून शेठ कंटाळले आणि पोलादपूरच्या रस्त्याला उंचावर त्यांनी एक शेड घेतली. दिवाळीच्या पोह्यांआधी तिथे गिरणी सुरू करायची होती. अण्णांना घबाड सापडल्यासारखं झालं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना कोरी जमीन मिळाली होती. फक्त शेठची एक अट होती. नवीन चाळण यंत्र येणार, तेव्हा हाताने पोहे निवडणाऱ्या बायका नकोत. यंत्रं बसवून जी जागा उरेल तिथे गोण्यांची थप्पी.

निवडायला तिघी होत्या, तिघीही थकलेल्या. त्यातली जनाक्का उमरठच्या वरच्या अंगाच्या वाडीतली. एवढ्याशा अंगाची, आणि जिभेला मात्र लगाम नाही. अण्णा टेबलावर नकाशा पसरून बसले होते तेव्हा ती आत आली, वाकून वाकून बघितलं आणि विचारलं, “अण्णा, यात मी कुठं हाय?”

अण्णांचं बोट कागदावर जरा फिरलं आणि उचललं गेलं. शेड लहान आहे, असं काहीतरी ते पुटपुटले.

“उभ्याचं काम गुडघं करू देत नाय,” जनाक्का म्हणाली. “बसायचं तेवढं येत होतं. पोरगा मुंबईला, सून मुंबईला. घरात बसून मी चुलीशी बोलू?”

ती गेल्यावर अण्णा शेठशी भांडायला गेले. आवाज चढवलेले अण्णा मी तेव्हाच पाहिले. शेठ म्हणाले, कागदावर जागा दाखवा, ठेवतो तिघींना. अण्णांनी दोन दिवस कागद उलटासुलटा केला. थप्पीची जागा शेठ सोडेनात आणि दुसरी जागा निघेना.

मग अण्णांनी जाहीर केलं की यंत्रं बसवण्याआधी एकदा खऱ्या मापाने चालून बघायचं. शेडच्या जमिनीवर त्यांनी गिरणी काढली. भट्टीचा चौकोन, यंत्रांचे चौकोन, थप्पीच्या हद्दी, सगळं पांढऱ्याशुभ्र रांगोळीने, स्वतः ओणवं होऊन. बायकांनी डोक्यावर रिकाम्या पाट्या घेऊन त्यात दिवसभराचं काम करून दाखवायचं होतं.

आता रांगोळीवर पाय कोण देणार? बायका पदर आवरून, टाचा उचलून, प्रत्येक रेघेपासून हातभर लांबून निघाल्या. कुणीतरी भट्टीच्या चौकोनात हळदकुंकू वाहिलं. मग तर त्या बाजूला कुणी फिरकेचना. भट्टीवरून चाळणीकडे जायचं, तर देवळाला प्रदक्षिणा घातल्यासारखा वळसा. शेठ बघायला आले. त्यांनी दारातच वहाणा काढल्या, हात जोडले आणि तेही लांबूनच फिरले. अण्णा गंभीर चेहऱ्याने मागोमाग सुतळी सोडत होते. शेवटी शेठच म्हणाले, “अण्णा, बायकांना वावरायला जागा बरीच लागते की. थप्पी मागच्या पडवीत घ्या.”

बायकांच्या वळशांएवढी वाट सोडून यंत्रांचे पाये भरले, तशी यंत्रं बसली. दिवाळीच्या तोंडावर गिरणी सुरू झाली आणि रांगोळी नसल्यामुळे बायका सरळ नाकासमोर चालायला लागल्या. शेडच्या मधोमध दोन खाटा पडतील एवढी जागा मोकळी! शेठ कपाळाला हात लावून म्हणाले, हे काय हो? अण्णा म्हणाले, पाये फोडले तर दिवाळी गेली, थप्पी तर पडवीत लागलीच आहे. आणि मोकळी जागा ठेवली तर भंगार साचतं, त्यापेक्षा तिथे माणसं बसवा. भंगाराचं नाव काढलं की शेठ घाबरायचे. दुसऱ्याच दिवशी जनाक्का आणि तिच्या दोघी मैत्रिणी सुपं घेऊन तिथे बसल्या.

अण्णांची मात्र गावात शोभा झाली. भांडुपचा लेआउटवाला रांगोळीला फसला! बाजारपेठेतून जाताना दुकानदार विचारायचे, अण्णा, दुकान हलवायचंय, रांगोळी आणू का? सगळ्यात पुढे जनाक्का. शेडमधे मधोमध बसून, नव्या येणाऱ्या प्रत्येक बाईला ती सांगायची, “आमचं अण्णा मनानं लई चांगलं, पर गणितात कच्चं.” अण्णा ऐकायचे आणि पुढे जायचे. ज्या माणसाने आमटीच्या बादलीसाठी नवऱ्या मुलाच्या मामांशी वैर पत्करलं, तो हे सगळं गप्प कसं ऐकतो, याचं मला नवल वाटायचं.

बऱ्याच वर्षांनी ते काम सोडून लेकीकडे पुण्याला निघाले. निरोपाचा चहा झाला, सगळे पांगले, आणि मी उगीच थट्टेने विचारलं, “अण्णा, त्या दिवशी रांगोळी कशी हो सुचली तुम्हाला? रेघा मारायला चुन्याची गोणी तर शेडच्या दारातच होती.”

अण्णांनी शेडकडे एकदा बघून घेतलं. जनाक्काचं सूप वाजत होतं.

“चुना तुडवतात हो बायका,” ते म्हणाले.

मला आधी हसू आलं, मग मी जनाक्काच्या त्या मधोमधच्या जागेकडे बघितलं. अण्णा म्हणाले, जनाक्काला यातलं काही सांगू नका, आपल्यासाठी कुणी काही केलं असं कळलं तर ती उद्यापासून यायची नाही. मी सांगितलं नाही. अण्णा पुण्यालाच वारले, ती बातमी आली तेव्हा जनाक्काने सूप बाजूला ठेवलं, पदराने डोळे पुसले आणि म्हणाली, “देवा, गणित कच्चं होतं बिचाऱ्याचं. सांभाळून घे.”