झूल पांघरलेलं जहाज

शालू, अशी जवळ सरकून बस आणि ऐक. (वाचतेस, तरी ऐकच. मी बोलते तशीच लिहिते.) तुझ्या अकोटहून माझी अमरावती काही परदेश नाही, पण सणाला फिरकली नाहीस! मावशी जिती हाय का, एवढं तरी विचारायचं होतं. राहू दे. माझी गोष्ट वेगळीच आहे.

यंदाच्या तान्ह्या पोळ्यात आमच्या घरचं जहाज बैलांमध्ये पहिलं आलं.

तान्हा पोळा म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीचा पोरांचा पोळा. चाकांवरचे लाकडी बैल सजवायचे, दोरीनं ओढत न्यायचे, तोरणाखाली रांगेत उभे करायचे. (तुला माहीत आहे गं. तुझ्या पुण्याच्या सुनेसाठी सांगितलं.)

जहाज माझ्या नातीचं, मुक्ताचं. वय दहा, राहणार अकोला, बोलणं वकिलाचं. उन्हाळ्याच्या सुट्टीत पंधरा दिवस फरशीवर पालथी पडून तिनं प्लास्टिकच्या ठोकळ्यांचं जहाज जोडलं. साधंसुधं नाही! पाच-सहाशे वर्षांपूर्वीचं, परदेशी, शिडाचं. उंच डोलकाठी, तिच्यावर टेहळणीची टोपली, आणि वरपासून काठापर्यंत बारीक बारीक दोऱ्या. आम्ही दोघं म्हातारे बघतच राहिलो. आमची पाण्यावरची सगळी अक्कल वडाळी तलावातल्या होडीपुरती!

जाताना तिनं जहाज आमच्या काचेच्या कपाटावर ठेवलं.

"घरी नाही नेत?"

"आई साफसफाई करते," ती म्हणाली. "आजी, तुझ्यावर भरोसा आहे. फक्त हात लावायचा नाही."

"नाही लावत माय!"

माझ्यावर भरोसा टाकणारं घरात दुसरं कोणी उरलेलं नाही. (आमच्या ह्यांचा स्वेटर मी मशीनमध्ये धुतला, तो आता बाहुलीला येतो.) म्हणून तो भरोसा मी जिवापाड जपला. तीन महिने जपला!

पोळ्याच्या आदल्या दिवशी घर झाडायला काढलं. चष्मा स्वयंपाकघरात, मी बैठकीत. वर पाहते तर काय, जहाजावर ही जाळी! म्हटलं, पोरगी येईल आणि म्हणेल, आजीनं जहाजात कोळी पाळले. हात तर लावायचा नव्हता. म्हणून लांब दांड्याचा झाडू घेतला आणि फिरवला. जाळं भारीच चिवट! कोळ्यानं इतकं पक्कं काम केलेलं मी जन्मात पाहिलं नव्हतं. मग मीही जोर लावला. जाळं आलं. जाळ्यामागून डोलकाठी आली, डोलकाठीमागून जहाज आलं, आणि फरशीवर त्याचे परत ठोकळे झाले!

आवाज ऐकून हे धावत आले. तीस वर्षं कापसाच्या जिनिंगमध्ये मशिनी दुरुस्त केलेला माणूस.

"काय पाडलं?"

"काही नाही. जहाज."

"अवं, मंग रडून काहून राहिली? अख्खं जिन खोलून जोडलं म्या. हे तं पोट्ट्यायचं खेळणं!"

जोडायचं चित्रांचं पुस्तक अकोल्याला. आमच्याजवळ मोबाइलमधला एकच फोटो, आणि त्यात जहाजाच्या मागच्या अर्ध्या भागापुढे मुक्ता स्वतः दात काढून उभी! पुढचा भाग ह्यांनी फोटो पाहून जमवला. मग अडले.

"मांगं काय असते वं?"

"मले काय इचारता? मी का जहाजावर भाकरी थापल्या?"

"ह्या दोऱ्या उरल्या."

"लावून द्या मांगं!"

डोलकाठीचे दोन तुकडे झाले होते, ते पुढं दोन्ही बाजूंनी एकेक लागले. शीड उभं राहीना, त्याचा बोळा मधोमध बसला. बूड तिरकं झालं, म्हणून मुक्ताच्या आईचा लहानपणचा लाकडी बैल माळ्यावरून काढून त्याची चाकं खाली दिली. मग दोघांनी लांब उभं राहून पाहिलं. ह्यांनी चष्मा पुसला आणि परत पाहिलं.

तान्ह्या पोळ्याच्या दुपारी फोन वाजला. "आजी, मी आणि आई येऊन राहिलो! मूर्तिजापूर गेलं. जहाज आहे ना गं बरोबर?"

"आहे ना!" मी म्हटलं. (काय आहे, ते तिनं विचारलं नाही.)

पोरीला एकदम धक्का नको, म्हणून त्या जुन्या बैलाची आरशांची झूल मी जहाजावर पांघरली. तेवढ्यात दारात मास्तर! शाळेत ड्रॉइंग शिकवायचे, आता आमच्या कॉलनीच्या तान्ह्या पोळ्याचे परीक्षक.

"वहिनी! काय बैल हाये हा! शिंगं पाहा! वशिंड पाहा!"

मी तोंड उघडलं. जहाज म्हणावं तर झाडूपर्यंत सगळं सांगावं लागणार. मिटलं. मास्तरांनी दोरी धरली ती शेपटाची, आणि बैल उलटा ओढत मैदानात नेला!

मुक्ता स्टँडवरून थेट मैदानातच आली. माइकवर मास्तर गर्जत होते, "पहिला नंबर, ठोकळ्यायचा बैल! मालकीण मुक्ता!"

"माझा बैल?" ती पुढं आली. झूल उचलली. टोपली ओळखली. बैलाच्या कपाळावर होती.

"आजी, हे माझं जहाज आहे?"

"होतं."

"तू हात लावलास?"

"हात नाही लावला वं माय. झाडू लावला."

माइक चालूच होता! सगळं मैदान खदाखदा हसलं. मुक्ताचा मात्र खालचा ओठ थरथरला. म्हटलं, संपला भरोसा, आता ही पोरगी दिवाळीलाही येत नाही! तेवढ्यात मागून हे अगदी कळकळीनं म्हणाले, "बेटा, पाण्यात नाही चालणार ते. पण डांबरी रोडवर एक नंबर चालते!"

मुक्तानं ह्यांच्याकडे पाहिलं, चाकांकडे पाहिलं, आणि अशी हसत सुटली की मातीतच बसली. बक्षीस काय मिळालं? लाकडी बैल!

दोन दिवस राहून तिनं बाबांकडून पुस्तकाचे फोटो मागवले आणि ह्यांच्याकडून जहाज पुन्हा जोडून घेतलं. मला पाच हात लांब बसवलं होतं.

निघताना मी भीत भीत विचारलं, "आता तरी नेशील ना घरी?"

"जहाज इथंच राहील. तुझ्यावर भरोसा आहे," ती म्हणाली. "झाडू नेते."

आणि खरंच, लांब दांडा एसटीच्या खिडकीतून बाहेर काढून पोट्टी झाडू घेऊन अकोल्याला गेली!

तेव्हापासून घरात खरी जाळी धरली आहेत. कोणती कोळ्याची आणि कोणती जहाजाची, आता चष्मा लावूनही सांगायची हिंमत होत नाही, म्हणून सगळीच जपून ठेवली आहेत. तू ये बाई लवकर. झाडू आण, पण पदराखाली लपवून. आणि मुक्तानं विचारलं तर एवढंच सांग, मावशीनं हात लावला नाही!