सिद्धप्पाचा दुतोंडी कॉम्प्युटर

अक्कलकोट रोड एमआयडीसीत विजयमालावहिनींचा चादरीचा कारखाना आहे. तिथं नक्षी काढतो तो सिद्धप्पा. मोर काढावा तर त्यानंच. पण त्याची खरी कला मोरात नव्हती, गिऱ्हाइकाला गप्प बसवण्यात होती.

गिऱ्हाईक म्हटलं की नक्षीत खोड काढणारच. "पान जरा मोठं करा." सिद्धप्पा "व्हय की" म्हणायचा. गिऱ्हाईक समोर बसलेलं, त्याला दिसायची कॉम्प्युटरची नुसती पाठ. हा इकडं खडाखडा बटणं बडवायचा आणि निवांत पत्त्यांचा डाव मांडायचा. डाव संपला की जुनीच नक्षी उघडून स्क्रीन गर्रकन फिरवायचा. "आता कसं?" "आता झ्याक!" कागदावर नक्षी काढायचा तेव्हाही असंच, तोच कागद टेबलाखालून फिरवून आणायचा.

फिरवून फिरवून एक दिवस स्क्रीनची मान खिळखिळी झाली. वहिनींनी ती आवळून घेतली आणि जोडीला दुसरी स्क्रीन आणली. "मामा, दोन्ही शेजारी शेजारी मांडा. काम सोपं पडतं."

"वहिनी, चादरीच्या दोन बाजू कधी शेजारी बघितल्यात का? एक हिकडं, एक तिकडं!" असं म्हणून त्यानं दोन्ही स्क्रीन पाठीला पाठ लावून मांडल्या. एक आपल्याकडं, एक गिऱ्हाइकाकडं. कॉम्प्युटरनं विचारलं, चित्र दोन्हींवर पसरू, की दोन्हींवर एकच दाखवू? "एक चादर दोन खाटांवर अंथरतात व्हय?" सिद्धप्पानं 'एकच'वर बोट दाबलं आणि मिशीवर हात फिरवला.

पहिलं गिऱ्हाईक आलं ते चनबसप्पा. अक्कलकोटकडचे व्यापारी, महा चिकित्सक. वहिनींनी आधीच बजावलं होतं, "मामा, आज नक्षी पक्की झाली न्हाय तर अण्णा शेजारच्या कारखान्यात जाणार. आपले माग रिकामे बसतील, आन् तुमीबी."

चनबसप्पांनी आपल्या बाजूची स्क्रीन न्याहाळली. "मोर बरा हाय. मान तेवढी खाली घ्या."

"व्हय की अण्णा, आत्ता घेतो!"

वर्षानुवर्षांची सवय! डोकं काही म्हणायच्या आत हातानं पत्त्यांचा डाव मांडलासुद्धा. खडाखडा बटणं चालली. स्क्रीनपलीकडं मात्र चिडीचूप. सिद्धप्पाला वाटलं, अण्णा खूश दिसतायत.

थोड्या वेळानं पलीकडून आवाज आला, "यप्पा! मोर गेला, हा बदामचा बादशा कुठनं आला?"

सिद्धप्पाची खडाखड थांबली. स्क्रीनवरून डोकं काढून बघायची सोय नव्हती. बघितलं तर नजरेला नजर. दारात उभ्या वहिनींचा चेहरा चादरीच्या पांढऱ्या सुतासारखा झालेला.

"अण्णा, ते... मानेचा हिशेब..."

"गप बस. ती किलवरची राणी बादशावर ठेव की! कवाधरनं बघतोय, दिसंना व्हय तुला?"

सिद्धप्पानं मुकाट्यानं राणी ठेवली.

"आता तो गुलाम. आरं तो न्हाय, चौकटचा! नक्षी काढतोस का झोपा काढतोस?"

डाव सुटला. चनबसप्पांनी टेबलावर थाप मारली. मग सिद्धप्पानं घाबरत घाबरत मोर उघडला. तोच, तसाच, मान वर.

चनबसप्पा खुर्चीतून उठले, फेरी मारून सिद्धप्पाच्या मागं आले आणि हळूच म्हणाले, "म्हंजे मागच्या साली माझं कमळबी असंच बारीक केलंतास?"

सिद्धप्पानं मान खाली घातली. मोराची राहिली, याची गेली.

"लई खपलं बग ते कमळ," चनबसप्पा खो खो हसले. "वहिनी, मोर पक्का! माग चालू करा."

वहिनींनी दुसऱ्याच दिवशी दोन्ही स्क्रीन शेजारी शेजारी मांडायला लावल्या. पण पुढच्या खेपेला चनबसप्पा आले ते खुर्ची ओढून थेट सिद्धप्पाच्या बाजूलाच टेकले.

"नक्षी ऱ्हाऊ दे त्या स्क्रीनवर," ते म्हणाले. "हितं पत्ते लाव."