साडूंची मेजॉरिटी

माझे साडू, म्हणजे हिच्या थोरल्या बहिणीचे यजमान, पाणीपुरवठ्याच्या कचेरीत शिपाई होते. कचेरी चार मजली. लिफ्ट होती, पण तिच्या दारावर 'दुरुस्ती चालू आहे' अशी पाटी इतकी वर्षं होती, की शेवटी पाटीच गंजली आणि मग पाटीची तेवढी दुरुस्ती झाली. साडू काखेत फायली मारून दिवसभर जिना चढायचे आणि उतरायचे. गुडघे असे वाजत, की फाईल दुसऱ्या मजल्यावर असतानाच चौथ्यावरचे साहेब चष्मा पुसायला घेत.

निवृत्तीला चार वर्षं होती. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं, "आता जिना बंद, नाहीतर मी जबाबदार नाही." साडू म्हणाले, "जिना बंद केला तर साहेब जबाबदार धरतील, त्याचं काय करू?"

अशात तळमजल्यावरची चौकशीची खिडकी रिकामी झाली. बसून करायचं काम! साडूंचे डोळे चमकले. पण अट निघाली. परदेशातून पंपांची पाहणी करायला इंजिनियर येणार होते, त्यांनी हिरवा कंदील दाखवला तरच नवे पंप मिळणार. तेव्हा खिडकीवरच्या माणसाला थोडंफार इंग्रजी आलं पाहिजे. महिन्याभराने तोंडी परीक्षा.

साडू थेट माझ्याकडे आले. "साडूभाऊ, तुम्ही शिकलेले. मार्ग सांगा."

शिकलेला म्हणजे काय, तर गावच्या शाळेत सातवी. त्यांच्यापेक्षा एक इयत्ता जास्त. एबीसीडी दोघांनाही येत होती, पण ती रस्त्यावरच्या माणसांसारखी, चेहरे ओळखीचे आणि नावं ठाऊक नाहीत. मी विचार करून म्हणालो, "आपण वाचायला कसे शिकलो? चित्र बघून. कमळाचं चित्र, शेजारी 'कमळ'. तसंच इंग्रजीत एखादं चित्रांचं पुस्तक बघा."

"पुस्तक कशाला?" साडू म्हणाले. "साहेबांचं इंग्रजी वर्तमानपत्र रोज माझ्याच हातून रद्दीत जातं. त्यात पहिल्या पानावर चित्र असतं आणि चित्रातल्या वस्तूंवर त्यांची नावं लिहिलेली असतात!"

खरंच होतं की! दुसऱ्या दिवशी त्यांनी कात्रणं आणली. एक बरगड्या दिसणारी गाय, तिच्या पोटावर ठळक लिहिलेलं. एक गाढव, त्याच्या पाठीवर लिहिलेलं. मी म्हणालो, "वा! हे तर आपल्या अंकलिपीपेक्षा सोपं." आता मागे वळून बघताना वाटतं, त्याच क्षणी मी गप्प बसलो असतो तर बरं झालं असतं. पण गप्प बसणं मला कधी जमलंय?

उच्चार कचेरीतल्या टायपिस्टबाई सांगत. अर्थ सांगायला लागल्या, की साडू हात वर करत. "उच्चार तेवढा द्या, बाई. अर्थ माझ्याकडे चित्रात आहे." जुन्या आवक-जावक रजिस्टरात खळ लावून चित्रं चिकटवली. गाय म्हणजे इकॉनॉमी. गाढव म्हणजे ऑपोझिशन. दोन आठवड्यांत रजिस्टर फुगून बंद होईना.

मग घोळ सुरू झाला. एके दिवशी इकॉनॉमी बुडत्या होडीवर लिहिलेलं निघालं. पुढच्या आठवड्यात पलंगावरच्या पेशंटवर. मी चक्रावलो. साडू रात्रभर विचार करून आले आणि म्हणाले, "उलगडलं. इंग्रजांकडे एकेका वस्तूला नाव नसतं, अवस्थेला असतं. जे म्हणून धड नाही ते इकॉनॉमी. फुगत चाललेलं ते सगळं इन्फ्लेशन. जागचं हलत नाही ते रिफॉर्म. आणि एकाच गाडीला दोन बैल दोन बाजूंना जुंपले, की कोअलिशन."

मी टाळीच दिली.

पांढऱ्या कपड्यांतली, काठी टेकत चाललेली, सगळे जिला धक्के देताहेत अशी म्हातारी चित्रात नेहमी असे. तिच्यावर डेमोक्रसी लिहिलेलं. सासू आम्हा दोघांची एकच, आणि ती तेव्हा साडूंकडे राहायला होती. साडू दारातूनच विचारत, "डेमोक्रसी जेवली का?" सासूबाईंना वाटलं, जावयाने काहीतरी मोठा मान दिला. शेजारणीला सांगत, "मला काही नावाने हाक मारत नाहीत हो आमच्याकडे!" एकदा न्हाणीघरात पाय घसरला तर स्वतःच ओरडल्या, "अरे धावा, डेमोक्रसी पडली!"

परीक्षा घ्यायला साहेब आणि कॉलेजातल्या एक इंग्रजीच्या मॅडम बसल्या होत्या. मॅडमनी सोप्यात सोपं म्हणून लहान मुलांचे चित्रांचे पत्ते आणले होते. पहिला पत्ता गाईचा. धष्टपुष्ट होती. साडू घुटमळले, पण म्हणाले, "इकॉनॉमी. पण बरी झालेली."

गाढव. "ऑपोझिशन."

फुगा. "इन्फ्लेशन."

काठीवाली आजी. साडूंचा चेहरा खुलला. "डेमोक्रसी! आमच्या घरीच असते."

मॅडमनी पत्ते तोंडासमोर धरले, त्यांचे खांदे हलायला लागले. साहेब मात्र लाल झाले. "थट्टा करतोस? कोणत्या पक्षाचा आहेस रे तू?"

"साहेब, मी कुठल्या पक्षाचा? मी चौथ्या मजल्याचा."

साहेबांनी कागदावर 'नापास' लिहिलं. वर म्हणाले, "जा, आणि जाता जाता या फायली खाली दे."

साडू खाली पोचले आणि शेवटच्या पायरीवर मटकन बसले. एवढ्यात दारात दोन परदेशी पाहुणे उभे, एक बाई आणि एक बाप्या. यायचे होते तासाभराने, आले आधीच. खिडकीवर कोणी नाही. साडू उठले, गुडघे वाजले. नापास तर झालोच, आता इंग्रजी ठेवून करायचं काय, म्हणून त्यांनी असेल नसेल ते सगळं वापरलं.

पाहुण्यांनी लिफ्टकडे बोट केलं. साडूंनी मान हलवली. "रिफॉर्म."

पाहुणे एकमेकांकडे बघायला लागले.

पहिल्या मजल्यावर दोन कारकून एकच कपाट दोन दिशांना ओढत होते. "कोअलिशन," साडू म्हणाले. दुसऱ्या मजल्यावर पाणीपुरवठ्याच्याच गळक्या नळाने भिंत पोटुशी झाली होती. साडूंनी तिला थोपटलं, "इन्फ्लेशन." तिसऱ्या मजल्यावर स्वतःलाच चढवेना. कठडा धरून विजार वर केली, सुजलेला गुडघा दाखवला आणि कळवळून म्हणाले, "इकॉनॉमी!"

बाप्या पायरीवर बसूनच हसला. बाईंनी डोळे पुसत साडूंचा हात हातात घेतला.

चौथ्या मजल्यावर बाई साहेबांशी भडाभडा काहीतरी बोलल्या. मॅडमनी मराठी करून सांगितलं, "त्या म्हणतात, इतक्या कचेऱ्या पाहिल्या, सगळीकडे सगळं उत्तम आहे असंच ऐकलं. खरी परिस्थिती तीन मजल्यांत सांगणारा माणूस इथेच भेटला. हे गृहस्थ कोण?"

साहेबांनी एकदा पंपांचे कागद पाहिले, एकदा साडू. 'नापास' लिहिलेल्या कागदावर हळूच पाण्याचा ग्लास ठेवला. "हे? हे आमचे चौकशीचे प्रमुख!"

पहिल्या दिवशी मी मुद्दाम खिडकीवर गेलो. टायपिस्टबाई तिथेच उभ्या होत्या. त्यांना राहवलं नव्हतं, सगळ्या शब्दांचे खरे अर्थ त्यांनी कागदावर लिहून आणले होते. साडूंनी मन लावून वाचले आणि कागद परत दिला. "तेच तर मी म्हणत होतो, बाई. तुम्ही जरा लांबवून लिहिलंय."

मग माझ्याकडे वळले. आवाज एकदम खाली. "साडूभाऊ, त्या चित्रातली मेजॉरिटी आठवते? जिच्यावर पुढारी ऐटीत बसलेला असतो ती?"

"खुर्ची. तिचं काय?"

"खाली वाका."

मी खिडकीतून वाकून पाहिलं. खुर्चीला तीनच पाय होते. चौथ्याच्या जागी साडूंनी ते फुगलेलं रजिस्टर उभं केलं होतं, आणि त्यावर भार टाकून, दोन्ही गुडघे लांब करून, ते बसले होते.