एकात कमी, एकात जास्त

"बसली तं भिंत, निजली तं धरण! अन् आता कागदबी म्हणते का हिले काई नाई!" चतुराबाईंचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत पोचला होता.

"कागद असं कुठी म्हणते, आत्याबाई?" पंचफुला गोधडीतूनच बोलली. वैशाखातली वाशीमची दुपार, वरचे टिन तव्यासारखे तापलेले आणि सूनबाई गोधडीत.

"मी वाचला ना," इंद्रभान म्हणाला. तो धान्यबाजारात मापारी. डॉक्टर बाहेरगावी होते, म्हणून कंपाउंडरकडून रक्ताच्या तपासणीचा कागद त्यानंच आणला होता. "हे पाय. टी-फोर, पायजे त्याच्याहून कमी. टीएसएच, पायजे त्याच्याहून लय जास्त. एकात घट, एकात वाढ. फिट्टमफाट! माल बरोबर."

बाजारात एक पोतं उणं भरलं की दुसऱ्यात चार ओंजळी वर टाकायच्या, ही त्याची रीत. बायकोचं रक्तही त्यानं त्याच काट्यावर चढवलं.

चतुराबाईंचा हुकूम आधीच सुटला होता. कागदात आजार निघाला नाही, तर शनिवारी पंचफुलेची रवानगी माहेरी, किन्हीराजाला. "आळस मायनं लावला, आता मायनंच काढावा!"

लग्न होऊन आली तेव्हा हीच पंचफुला इतकी घाईची, की एका हातानं भाकर थापायची नि दुसऱ्यानं खायची. मग वर्ष-दीड वर्षात सगळंच मंदावलं. तोंड सुजलं, बांगड्या मनगटात रुतल्या, केस फणीत यायला लागले, पोट साफ होईना. बसल्या जागी डोळा लागायचा. आवाज तर असा घोगरा झाला, की दाराआडून तिनं "कोन हाये?" विचारलं, तर पोस्टमन म्हणाला, "दादा, जरा बाईले पाठवा." त्यावर ती इतकी हसली, की भिंत धरून खाली बसली.

आता तिनं गोधडी बाजूला टाकली. "डॉक्टर आले असतील. त्याइच्या तोंडून ऐकतो, मंग जातो किन्हीराजाले."

"मीबी येतो," चतुराबाई म्हणाल्या. निकाल आपल्या कानांनी ऐकल्याशिवाय त्यांना चैन पडणार नव्हती.

डॉक्टरांनी कागद पाहिला आणि इंद्रभानचा हिशेब ऐकला. चष्मा काढून ते इतके हसले, की दारातले रोगीही उगाच हसू लागले.

"अहो मापारी, ही बेरीज नाही करायची! गळ्यात एक ग्रंथी असते. तिनं केलेलं काम म्हणजे टी-फोर. ते कमी आहे. मेंदूखाली दुसरी ग्रंथी असते, ती गळ्यातलीला हुकूम सोडते, काम कर म्हणून. तो हुकूम म्हणजे टीएसएच. काम होईना, म्हणून वरची जास्त ओरडतेय. एक कमी नि दुसरा जास्त, हाच तर आजार."

चतुराबाई पुढे सरकल्या. "म्हंजे वरची सासू?"

"तसंच समजा."

"अन् खालची आयकत नाई! पाय वं, मी काय म्हनत होती?"

"ऐकते हो, आजी. पण तिच्यात ताकदच नाही. वरचीला कितीही ओरडू द्या, काम वाढायचं नाही. जे कमी पडतंय ते गोळीनं द्यावं लागेल. रोज, उठल्यावर, रिकाम्या पोटी. मग तासभर चहासुद्धा नाही. लगेच गुण नाही दिसणार. दोन महिन्यांनी पुन्हा रक्त तपासू."

"म्हंजे आळशी नोहे ते?"

"आजारी आहे."

पंचफुलेला तिथंच हसू फुटलं. घोगरं, ढोलासारखं. वाटभर ती मधूनमधून हसतच राहिली. इंद्रभान गोळ्यांची बाटली दोन्ही हातांत धरून चालला होता.

घरात पाय ठेवताच पंचफुला उंबऱ्यात उभी राहिली.

"शनवारी मी कुठी जात नाई. उद्यापासून उठल्याबरोबर गोळी घीन, अन् घंटाभर चुलीकडं पायनार नाई. तवरोक सकायचा चा," ती नवऱ्याला म्हणाली, "तुमी मांडान."